उभ्यानं घेतलेलं माप

अण्णा,

परवा बूट घ्यायला गेले होते आणि दुकानातल्या मुलीशी वाद घालून आले. वाद म्हणजे तसं मोठं काही नाही. तिनं मला गुबगुबीत स्टुलावर बसवलं, पायाखाली पट्टी सरकवली आणि म्हणाली, सहा नंबर. मी म्हटलं, अगं बसून काय माप घेतेस, मी बूट घालून बसून राहणार आहे का? उभी राहू दे मला, अंगाचा भार पडू दे पायावर, मग बघ. ती बिचारी हसली आणि म्हणाली, आजी, आम्ही सगळ्यांचं असंच घेतो. झालं, माझं डोकं सटकलं. मग मी तिला सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय यांत किती फरक पडतो, टाचेचं माप निराळं आणि चवड्याचं निराळं का घ्यायचं, असं काय काय ऐकवलं. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. माझा मुलगा दाराशी जाऊन मोबाइलमध्ये तोंड घालून उभा राहिला, ही बाई आपली कुणी नव्हे असं दाखवत. बूट न घेताच आम्ही घरी आलो. संध्याकाळभर मला नुसती तुमची आठवण येत राहिली. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होत आली. शेवटी तुमचं जे वय होतं त्याच्या पुढं मी केव्हाच निघून गेले, आणि तरी काल जेवताना मुलाला सांगावंसं वाटलं की अण्णांना बोलाव रे, त्यांच्याकडून करून घेऊ.

तुम्हाला आधी एक सांगायला हवं. कदाचित ते तुम्हाला ठाऊकच होतं, पण आपण कधी बोललो नाही. नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा फॉर्मवर सही करायला मामा आला होता, कारण तो पोस्टात कारकून, त्याला इंग्रजी येत होतं, आणि तुम्हाला त्या दिवशी सुट्टी नव्हती. पुढं मुलुंडला हॉस्टेलवर भेटायला यायची ती आई. तुम्हाला तिथं कुणी पाहिलंच नव्हतं. मुली एकमेकींना विचारायच्या, तुझे वडील काय करतात? कुणाचे शिक्षक होते, कुणाचे एसटीत, कुणाची घरची शेती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मरोळला कारखान्यात आहेत. खोटं नव्हतंच ते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात कामगारांचे जाड बूट बनायचे आणि तुम्ही तिथले सगळ्यात जुने कारागीर. पण कारखाना म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं मशीन येतं, कातडं कापायची रापी आणि टोचायची आरी येत नाही, आणि हे मला चांगलं माहीत होतं. आपल्या आडनावावरून जात कळत नाही, हे तर मला तेव्हा देवानं खास माझ्यासाठी केल्यासारखं वाटायचं. आमच्या खोलीत एक कोल्हापूरची होती. स्वभावानं झकास, माझ्यावर जीव टाकायची, माझ्या तापात रात्रंदिवस बसलेली. तीच एकदा त्यांच्या गावच्या चांभाराविषयी बोलता बोलता सहज असं काही बोलून गेली की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले. तिच्या मनात काही नव्हतं, तिनं ते घरात ऐकलेलं असणार. पण मी त्या दिवशी ठरवलं की कारखाना तो कारखाना.

मग कोर्स संपला आणि मी तिथंच स्टाफ नर्स म्हणून लागले. ती पंच्याऐंशीच्या आसपासची वर्षं. माणसं कमी, त्यामुळं सकाळी सातला अंगावर घेतलेला वॉर्ड संध्याकाळी सातला सुटायचा. चाळीस खाटांचा सर्जिकल वॉर्ड, त्याच्या एका टोकाला ड्रेसिंगची खोली, दुसऱ्या टोकाला औषधांचं कपाट. दिवसभर या टोकाचं त्या टोकाला. बसलेली नर्स दिसली की मेट्रन नुसती बघायची, बोलायची नाही, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, तळ सपाट, पातळ. दुपारी तीनपर्यंत टाचा ठणकायला लागायच्या. पाचनंतर बोटं सुजून बुटात मावायची नाहीत, मग मी टाच मोडून, बुटाची सपाता करून फरफटत चालायची. आम्ही सगळ्याच तशा. एक म्हणायची दुकानातले कातडी घे, ती घेतली की टाचेवर फोड. दुसरी म्हणायची पुरुषांचे घे, ते घेतले की अंगठा पुढं सरकून नखं काळी. कुणी कापूस भरायची, कुणी दोन मोजे घालायची. ड्यूटी संपल्यावर खोलीत आम्ही चौघी भिंतीला पाय वर टेकवून पडायचो आणि कोल्हापूरची म्हणायची, यार, लोकांचे पाय कापले की बरे होतात, आपले कापून टाका रे कुणीतरी.

एका सुट्टीच्या दिवशी मी मरोळला घरी आले होते. आईनं मिठाचं गरम पाणी घमेल्यात घालून दिलं होतं आणि मी त्यात पाय सोडून बसले होते. तुम्ही कामावरून आलात, डबा खाली ठेवलात आणि माझ्या पायांकडं बघत उभे राहिलात. मला वाटलं आता विचारणार काय झालं म्हणून. तुम्ही विचारलंत, "काय गो बाय, तिथं लादी कसली?" मी म्हटलं मोझॅकची. ओली असते का? मी म्हटलं सकाळी असते, आणि मधेच काही सांडलं की असते. दिवसात किती वेळ एका जागी उभी असतेस आणि किती वेळ चालतेस? वळताना कुठल्या पायावर वळतेस? खाली वाकलीस की टाच उचलते का? मला हसायला आलं. इतके प्रश्न मला आमच्या डॉक्टरांनीही कधी विचारले नव्हते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझे मोडलेल्या टाचेचे बूट दारातून उचलून आणलेत, त्यात हात घालून आतून चाचपलेत, आणि मग मात्र तुमचा आवाज चढला. आयुष्यात तुम्ही माझ्यावर चार-पाच वेळाच ओरडला असाल, त्यातली ही एक. बूट असा चिरडून घालायचा नाही, कुणीतरी पाठ मोडेपर्यंत बसून शिवलेला असतो तो. लागतो तर टाकून दे, पण टाच मोडू नको. मी पाण्यातले पाय बाहेर काढून पुसले.

तीन आठवडे तुम्ही काम सुटल्यावर गाळ्यात मागं थांबत होतात. दोनदा मला संध्याकाळीच घरी बोलावलंत, ड्यूटी करून तशीच ये, पाय धुवू नको, आराम करू नको. खाकी कागदावर मला उभं केलंत आणि पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवलीत. मग सुतळीनं चवड्याचा घेर, घोट्याच्या पुढचा घेर. बसलेला पाय लबाड असतो, असं तुम्ही म्हणायचात. ज्यावर बूट चढवून शिवतात त्या पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर अंगठ्याकडच्या बाजूला तुम्ही कातड्याचा एक तुकडा चिकटवून तो रुंद करून घेतलात. बुटाच्या आत पायाच्या कमानीखाली बुचाचा उंचवटा, त्यावर मऊ अस्तर. तळाला क्रेप रबर, आवाज न करणारं, आणि त्याला तुम्ही रापीनं बारीक आडव्या रेघा पाडल्यात, ओल्या लादीसाठी. पहिल्या दिवशी ते घालून मी वॉर्डात गेले आणि दुपारी चार वाजता माझ्या लक्षात आलं की आज मला माझे पाय आठवलेच नाहीत. अण्णा, हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, बरे आहेत.

वॉर्डात लगेच सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. नर्सा एकमेकींच्या तोंडाआधी पायांकडं बघतात. कुठून घेतलेस, कुठून घेतलेस? आणि मी म्हटलं, मरोळला एक माणूस आहे, करून देतो. हे वाक्य इतकं सहज माझ्या तोंडून निघालं की मलाच नवल वाटलं. आमच्या इनचार्ज सिस्टर नगरकडच्या, पन्नाशीला आलेल्या, लग्न न केलेल्या, कडक. त्यांना बघून शिकाऊ मुलींच्या हातातले ट्रे कापायचे. ड्रेसिंग कसं करायचं ते मी त्यांच्याकडून शिकले आणि माझा डावा हात उजवा करायचा नाद त्यांनीच सोडवला. डावरी आहेस तर डावरीच राहा, पण हात स्वच्छ ठेव, म्हणाल्या. त्या सिस्टरनी मला औषधांच्या कपाटाआड बोलावलं आणि बूट काढला. अंगठ्याच्या मुळाशी हाड आलेलं, करंगळीवर कुरूप, टाच भेगाळलेली. तीस वर्षं त्या या पायांवर उभ्या होत्या आणि आम्हाला वाटायचं बाई सावकाश चालते ती घमेंडीनं. म्हणाल्या, तुझ्या त्या माणसाला इथं बोलाव, आम्ही अकरा जणी आहोत.

मी घरी येऊन सांगितलं. आई चुलीपाशी होती, म्हणजे स्टोव्हपाशी, पण ती त्याला चूलच म्हणायची. तुम्हाला एवढा आनंद झालेला मी क्वचित पाहिला. अकरा जणी, असं तुम्ही दोनदा म्हणालात. कोण कोण, जाड कोण, बारीक कोण, सगळ्यांच्या पायांखाली एकच लादी की वेगवेगळी. मग बोलता बोलता तुम्ही थांबलात. माझ्याकडं न बघता बनियनच्या बाहीनं चष्मा पुसत विचारलंत, "तिथं मी कोण म्हणून येऊ?" मी काही बोलले नाही. एवढंच. मला आज कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती, तर मी कुणाचं औषध चुकवलं नाही, कुणाला मारलं नाही, कुणाला फसवून काही घेतलं नाही; मी तेव्हा गप्प बसले, ती. तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात आणि म्हणालात, बरं, बूटवाला म्हणून येतो. आईनं स्टोव्ह बंद केला. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती, आणि तुम्हीच तिला म्हणायचात, असू दे गो, तिला तिथं राहायचंय.

तुम्ही आलात तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. संध्याकाळचे सव्वासात, दिवसपाळी सुटलीय, हॉस्टेलच्या व्हरांड्यात आम्ही सगळ्या जमलोय. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय, जो तुम्ही फक्त लग्नाला घालायचात. पायरीपाशी चपला काढल्यात. सिस्टर म्हणतात खुर्ची घ्या, तुम्ही म्हणता, मला खालीच बरं पडतं. खाकी कागदांची गुंडाळी सोडता, प्रत्येकीला उभं करता, पेन्सिल फिरवता, कुठं दुखतं ते विचारता. सिस्टरचा पाय मांडीवर घेऊन तुम्ही ते अंगठ्याचं हाड बोटानं हळूच दाबता आणि म्हणता, याला जागा दिली की हे गप्प बसेल. सिस्टर चक्क हसतात. मी खांबाला टेकून सगळ्यात मागं उभी आहे. माझं माप तुमच्याकडं आहेच, मला पुढं यायची गरज नाही. तेवढ्यात कोल्हापूरची माझा दंड धरून ओढते, अगं तूही दे ना, दुसरा जोड करून घे, ते पुन्हा कधी येणार.

मी कागदावर उभी राहिले. तुम्ही वर बघितलं नाहीत. म्हणालात, "सिस्टर, भार द्या पायावर." मी भार दिला. तुमचा हात माझ्या घोट्याला लागला, तोच खरखरीत हात, अंगठ्याला आरी लागून पडलेल्या खुणांचा. पेन्सिल फिरली. दुसरा पाय झाला. मग तुम्ही कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवलीत. प्रत्येकीला विचारलं होतंत तसंच विचारलंत, "नाव काय लिहू?" आणि अण्णा, मी तुम्हाला माझं नाव सांगितलं. तुम्हीच ठेवलेलं नाव. तुम्ही ते सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहून घेतलंत, जसं पहिल्यांदाच ऐकत आहात. मग म्हणालात, पुढच्या सिस्टर या.

तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही ते इतकं नीट का केलंत? थोडं चुकला असतात तर बरं झालं असतं. तोंडातून एकदा बाय निघून गेलं असतं, तर सगळ्यांसमोर वाट लागली असती माझी, पण सुटले असते मी. तुम्ही कामात चुकणारे नव्हतात, आणि ते तुम्ही कामासारखंच केलंत.

पुढं चार वर्षं तुम्ही आमचे बूटवाले काका होतात. मुलुंडहून दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेल्या मुली घाटकोपरहून निरोप धाडायच्या. दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही पिशवी घेऊन पवईवरून बसनं यायचात, जोड द्यायचात, जुने शिवायला न्यायचात. त्या माझ्यासमोर तुमचं कौतुक करायच्या. काका किती मायाळू आहेत नाही गं? काकांना मुलं काय आहेत गं, तुला माहीत आहे का? मी म्हणायची, असतील. आणि रविवारी मी घरी आले की तुम्ही भाकरी मोडता मोडता विचारायचात, तुमच्या त्या सिस्टरच्या टाचेला आता बरं आहे का? ती केरळची उंच पोर डाव्या पायावर जास्त जोर देते, तिला सांग. तुम्हाला माझ्या वॉर्डातल्या सगळ्यांची खबर होती. कधी कधी मला वाटायचं तुम्हाला त्यात मजा वाटते. कधी वाटायचं तुम्ही रात्री कुशीवर वळून डोळे उघडे ठेवून पडत असाल. विचारायची हिंमत झाली नाही. तुम्हाला किती लागलं हे मला कधीच कळलं नाही, आणि आता कुणाला विचारू?

मग तुम्ही गेलात. गाळ्यातच छातीत कळ आली, शेजारच्या गाळ्यातल्यांनी रिक्षात घातलं, आणि मी मुलुंडहून पोचेपर्यंत आटोपलं होतं. इतक्या माणसांच्या उशाशी मी शेवटी बसलेय आणि तुमच्या वेळी नव्हते. मी पंधरा दिवस रजेवर होते. परत गेले तर सगळ्या गळ्यात पडल्या. सिस्टरनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, वडील म्हणजे वडीलच गं, म्हणाल्या. कोल्हापूरचीनं महिनाभर माझी रविवारची ड्यूटी केली. आणि महिन्यानं तीच म्हणाली, अगं, बूटवाले काका या खेपेला आलेच नाहीत, जरा निरोप धाड की. मी औषधं मोजत होते. म्हटलं, गावाला गेलेत वाटतं. एका माणसाच्या मरणाचं त्या माझं सांत्वन करत होत्या आणि त्याच माणसाची वाट बघत होत्या. मला वेड लागेल असं वाटलं.

सिस्टरच्या बुटाची शिवण उसवली तेव्हा त्यांनी तो कागदात गुंडाळून माझ्याकडं दिला, काका आले की दे. मी तो घरी नेला. आईनं तुमची हत्यारांची पेटी माळ्यावर ठेवून दिली होती, ती मी खाली काढली. लहानपणी मी तुमच्या दोऱ्याला मेण लावून द्यायची, त्यामुळं बघून बघून हात बसलेला होता, पण शिवलं कधी नव्हतं. पहिल्या दिवशी आरी तीनदा बोटात गेली. दिवसभर लोकांचे टाके काढणारी मी, एका बुटाला बारा टाके घालायला मला पूर्ण रविवार लागला. आई समोर भाजी निवडत बसली होती. संध्याकाळी तिनं बूट हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, त्यांच्यासारखा नाही झाला. मी म्हटलं, नाही झाला.

सोमवारी बूट सिस्टरना दिला आणि म्हटलं, काकांनी शिवून दिलाय. त्या खूष झाल्या. मग दुसरी आली, तिचा तळ सुटला होता. मी सोल्यूशन आणलं, चिकटवला. मग केरळच्या मुलीचा. असं दीड वर्ष चाललं, अण्णा. नवे जोड काका आता करत नाहीत, डोळ्यांनी नीट दिसत नाही, एवढं मी सांगून टाकलं होतं, पण डागडुजी ते करायचे. काका कसे आहेत? बरे आहेत. काकांना सांग, परवा अकरा तास उभी होते, काही झालं नाही. सांगते. आणि मी घरी येऊन खरंच सांगायची, तुमच्या फोटोकडं न बघता, आरीत दोरा ओवता ओवता. तुम्ही घरात मेला होतात, गाळ्यात मेला होतात, रेशन कार्डावरून नाव कमी झालं होतं. एक तो वॉर्ड तेवढा होता जिथं तुम्ही अजून होतात, जिथं तुमची तब्येत कुणी विचारत होतं. ते मी कसं संपवू? सुरुवात शरमेनं झाली होती, हे मी नाकारत नाही. पण पुढं पुढं मला तुमचीच एवढी भूक लागलेली असायची की कुणी बूट आणून दिला की मला बरं वाटायचं.

सिस्टर रिटायर होणार होत्या, त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. दुपारची वेळ, वॉर्ड निजलेला. त्यांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर त्यांचे बूट ठेवलेले होते, पॉलिश केलेले. त्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि मला टाके दाखवले, आधीचे एका बाजूला कललेले, नंतरचे दुसऱ्या. म्हणाल्या, पस्तीस वर्षं टाके बघतेय मी. हे डाव्या हाताचे आहेत. त्या म्हणाल्या, काका गेले ना? मी मान हलवली. कधी? मी सांगितलं. आणि मग त्यांचा चेहरा मी बघत होते, कारण रजेचं रजिस्टर त्यांच्याच हातात असायचं, आणि वडील गेले म्हणून मी घेतलेल्या रजेची तारीख त्यात होती. त्या हळूच स्टुलावर बसल्या.

मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी माझा पाय मांडीवर घेतला होता गं. आणि मी त्यांना एकदा वाकून नमस्कारसुद्धा केला नाही." एवढं बोलून त्या रडल्या. ज्यांच्या पुढं आमचे ट्रे कापायचे त्या सिस्टर. मी त्यांच्या गुडघ्यांपाशी जमिनीवर बसले आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. त्यांनी मला रडू दिलं. बाहेर कुणीतरी सिस्टर सिस्टर करत होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही. विचारलं, जेवायला काय आवडायचं त्यांना? मी म्हटलं, सुकटीची चटणी आणि भाकरी. शेवटच्या दिवशी कामाला जाताना ते कुणाला दिसले होते? आईला. तुमच्याविषयी कुणाशी तरी तुमची मुलगी म्हणून मी बोलले, ती पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही तिथं असायला हवे होतात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, पत्ता नाही, तुम्हाला इंग्रजी तर नाहीच पण मराठीही वाचायला वेळ लागायचा, म्हणून अक्षर मोठं काढलंय. इथंच थांबले असते तर माझी बाजू बरी दिसली असती. तुम्हाला वाटलं असतं, पोरीनं उशिरा का होईना, सांगितलं. पण तुम्हाला लबाड माप चालायचं नाही, म्हणून सांगते. रडून झाल्यावर मी उठले, तोंड धुतलं, टोपी सारखी केली, आणि दाराला हात लावता लावता मागं वळून म्हटलं, "सिस्टर, बाकी कुणाला सांगू नका." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. पुढं त्या वीस वर्षं जगल्या, आम्ही किती वेळा जमलो, किती वेळा तुमची आठवण निघाली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, अण्णा. आणि मीही नाही.